पुलासाठी वीस मिनिटं

प्राग नावाचं शहर मी पाहिलेलं नाही. पण तिथल्या ट्रामच्या वेळा मी इतक्यांदा टाइप केल्या आहेत की, आमच्या गावाला जाणारी शेवटची गाडी कितीला आहे हे मला आठवावं लागतं, त्या ट्रामचं मात्र आठवावं लागत नाही. हे एका माणसामुळे झालं. त्या माणसावर मी जेवढी चिडले तेवढी आजवर कोणावर चिडलेली नाही, माझ्या सख्ख्या भावावरही नाही.

सगळे त्यांना कंट्रोलर साहेब म्हणत. जळगाव जामोदच्या बसस्टँडवर कंट्रोल केबिनमध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. गाडी कधी आली, कधी सुटली, उशीर झाला तर का झाला, हे वहीत लिहायचं, माइकवर पुकारायचं आणि चौकशीच्या खिडकीत डोकं घालणाऱ्याला उत्तर द्यायचं. रिटायर झाले तरी सकाळची पहिली गाडी सुटताना ते तिथे उभेच. त्यांच्या जागी आलेला नवा कंट्रोलर एकदा माझ्याकडे येऊन हात जोडून म्हणाला, "मॅडम, या साहेबाले तुमच्याकडं काही काम लावून द्या ना. मले ड्युटी करू देऊन नाही राह्यले." माझं ऑनलाइन सेंटर स्टँडच्या बरोबर समोर आहे. काम मी लावून दिलं नाही. त्यांनीच ते आणलं.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. आई-बाबा वांगी-मिरची काढून बाजारात बसतात आणि मी सात-बारापासून पासपोर्टपर्यंत लोकांचे कागद करते. डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावली आहे आणि ती दिसावी म्हणूनच लावली आहे. कंट्रोलर साहेब रोज आत आले की आधी त्या फ्रेमकडे बघत.

"ऑपरेटर, डाव्या अंगानं खाली हाये."

"काका, मी ऑपरेटर नाही. सेंटर माझं आहे."

"हाव. पण खाली हाये."

एकदा ते गेल्यावर मी मोबाइलमधल्या लेव्हलने मोजून पाहिलं. खाली होती, अगदी केसभर. मी सरळ केली, पण त्यांना सांगितलं नाही.

घरीही त्यांचं केबिन सुरूच असे. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा मी ओसरीत बसले होते आणि आतून आवाज आला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. साडेबाराचं जेवण वीस मिनिटं उशिरानं धावत आहे." त्यावर स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, "आणखी एकडाव पुकारलं तं फेरी रद्द करून टाकीन." भाकरी थापल्याचा आवाज थांबला नव्हता. मला वाटलं दोघं भांडताहेत. नंतर कळलं की हे रोजचंच.

त्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर ते चित्र होतं. एका कृषी केंद्राचं जुनं कॅलेंडर. तारखांचा भाग कधीच फाडून टाकलेला, खाली बियाण्याच्या जाहिरातीची एक ओळ तेवढी उरलेली. वर एक नदी, नदीवर दगडी पूल, पुलावर ओळीनं पुतळे, मागे टेकडीवर किल्ल्यासारखं काही, आणि अलीकडच्या काठाला पांढरे पक्षी. फोडणीच्या धुरानं आभाळ पिवळं पडलं होतं. काकूंनी कधीकाळी नवऱ्याला विचारलं होतं, "हे गाव कोणतं व्हय?" आणि कंट्रोलर साहेबांनी उत्तर दिलं होतं, "चौकशी करून सांगतो."

त्यांच्या नोकरीचा एक नियम होता. खिडकीतून 'माहीत नाही' म्हणायचं नाही. गाडी बंद पडली, वाहून गेली, काहीही होवो, माणसाला 'चौकशी करून सांगतो' म्हणायचं आणि खरोखर चौकशी करून सांगायचं. तसे ते सांगतही. फक्त बायकोच्या या एका चौकशीला वीसेक वर्षं लागली. ड्रायव्हरांना विचारलं, शाळेतल्या मास्तरांना विचारलं. कोणी स्वित्झर्लंड म्हणालं, कोणी काश्मीर. एकाच्या सांगण्यावर ते थांबणारे नव्हते. दुसऱ्याने तेच गाव सांगितल्याशिवाय ते नोंद करत नसत आणि दोघांचं एकमत कधी झालं नाही.

शेवटी रिटायर झाल्यावर ते चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्याकडे आणलं. मी मोबाइलवर फोटो काढला आणि शोधला. "प्राग," मी म्हणाले. "युरोपात आहे. चार्ल्स पूल म्हणतात याला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं शाबासकी मिळेल.

"इतक्या लवकर कसं काय सापडलं?"

"काका, मोबाइलवर सापडते."

"नाही, पुन्हा पाय."

मी पुन्हा पाहिलं. प्रागच होतं. ते नाराज होऊनच घरी गेले. दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधी शटरसमोर उभे. हातात वही. म्हणाले, "ती म्हणून राह्यली, जाऊन पाहू. शेड्यूल लावा लागन."

इथून माझे हाल सुरू झाले.

एखादा माणूस सहलीला निघतो तेव्हा काय बघायचं हे आधी ठरवतो. यांनी आधी ट्रामच्या वेळा मागितल्या. मग दोन थांब्यांमध्ये किती मिनिटं लागतात ते. मग पहिली ट्राम कितीला सुटते, शेवटची कितीला, आणि रात्री ती कुठे मुक्कामाला जाते. "मुक्कामी गाडी कोणती ते माहीत पाह्यजे. सकाळी तीच पहिली निघते." मी म्हणाले, काका, आपल्याला ट्राम चालवायची नाही, तिच्यात बसायचं आहे. ते म्हणाले, "तू टाइप कर."

त्या शहराच्या वाहतूक ऑफिसला त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत ईमेल पाठवायला लावला. प्रश्न एकच होता: पुलाजवळच्या थांब्यावर कंट्रोलर कुठे बसतात? आठ दिवसांनी उत्तर आलं, अत्यंत नम्र, त्यात फक्त एक लिंक होती. तो कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि स्टँडवर जाऊन नव्या कंट्रोलरला दाखवला. "पाय, तिकडचेही चौकशीचं उत्तर देतेत."

शेड्यूल सात दिवसांचं होतं. क्रमांक, ठिकाण, पोचणे, सुटणे, शेरा. चहाला दहा मिनिटं, दुपारी चालक-वाहक विश्रांती अर्धा तास. मी विचारलं चालक कोण, वाहक कोण. ते पुढची ओळ सांगू लागले. दर उन्हाळ्यात तिकडे ट्रामच्या वेळा बदलत, एखादा रस्ता खोदलेला असे, आणि मग अख्खं शेड्यूल रद्द. पुन्हा पहिल्या ओळीपासून. दोन उन्हाळे असेच गेले. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं? त्यांनी चष्मा काढला. "गाडी वेळेआधी सुटली तं माणूस मागं राह्यते, ऑपरेटर. तो धावते. कडेवर लेकरू असते, हातात पिशवी असते, तरी धावते. मी पाह्यलं हाये ते." मग चष्मा घातला आणि म्हणाले, "किल्ल्याच्या पुढं नऊ पस्तीस कर."

अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

रागवायची वेळ काकूंमुळे आली. एक दिवस त्या एकट्या सेंटरवर आल्या. माझ्या दुकानाला तीनच पायऱ्या आहेत. तिसरीवर त्या थांबल्या, शटरला धरून उभ्या राहिल्या, मग आत आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गुडघे घासले आहेत, ऑपरेशन आज ना उद्या करावंच लागेल, आणि नंतर कितपत चालता येईल ते आत्ता सांगता येत नाही.

"पोरी, त्यायचं शेड्यूल कुठवर आलं?"

मी सांगितलं, किल्ल्यापर्यंत.

"मी रोज स्टँडवर फेऱ्या मारतो सकाळी. एक नंबरपासून आठ नंबर फलाटापर्यंत. आता चारच होतेत." त्या हसल्या, पण डोळे फ्रेमकडे होते. "मले किल्ला नको पाह्यजे. त्या काठावर बसाचं हाये, जिथून तो फोटो काढला. ती बदकं हायेत का अजून तेवढं पाह्याचं हाये. यंदा झालं तं झालं. मंग नाही."

त्या गेल्यावर मी त्यांच्या घरी गेले आणि कंट्रोलर साहेबांसमोर उभी राहून बोलले. चिडले की माझी कॉलेजातली भाषा गळून पडते. "काका, तुमचं शेड्यूल चुलीत घाला. नागपूरहून म्हाताऱ्या माणसायचा एक ग्रुप जाऊन राह्यला मे महिन्यात. प्रागले तीन दिवस हायेत. त्यात तुमची नावं टाकतो. नाही म्हणाल तं माह्या सेंटरची पायरी चढू नका."

टूरवाले गाड्या वेळेआधी सोडतात, असं त्यांचं ठाम मत होतं. शेवटी म्हणाले, "तीन दिवसातला एक दिवस मोकळा पाह्यजे. त्याचं शेड्यूल मी लावीन."

मी ग्रुपवाल्यांशी बोलले. दुसरा दिवस मोकळाच होता. म्हणजे दोन उन्हाळ्यांची मेहनत एका कागदावर आली. तो टाइप करायला बसले तेव्हा माझं लक्ष वरच्या ओळीवर गेलं. 'प्रवासी संख्या: १.'

"काका, हे दोन पाहिजे."

"एकच."

"तुम्ही अन् काकू. दोन."

"कंट्रोलर शेड्यूलमंदी धरत नाहीत, बाप्पा."

मी दोन टाइप केलं. दुसऱ्या दिवशी लाल पेनाने एक करून कागद परत. मी पुन्हा दोन केलं. हे तीन आठवडे चाललं. मी त्याला हट्ट समजत होते. बी.कॉम.पर्यंत शिकले, हजार लोकांचे अर्ज भरले, कागदावर माणूस काय लिहितो हे वाचणं माझा धंदा आहे, आणि तरी त्या लाल एकाकडे मी नीट पाहिलं नाही.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला दोघांना मुंबईला जायचं होतं. कागदांत गडबड नको म्हणून मी सोबत निघाले. सकाळच्या बसने शेगाव, तिथून रेल्वे. बसस्टँडवर ते आमच्या आधी हजर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बगलेत फाइल. आम्हाला डावीकडच्या तिसऱ्या सीटवर बसवलं, कारण मागच्या चाकावर धक्के बसतात. काकू खिडकीशी, शेजारची जागा त्यांची, मी मागच्या सीटवर. फाइल माझ्या हातात दिली आणि "एक मिनिट" म्हणून खाली उतरले. काकूंनी शेजारच्या जागेवर आपली कापडी पिशवी ठेवली. एक बाई विचारत आली, काकू म्हणाल्या, "माणूस हाये."

मग बाहेरून पत्र्यावर दोन थापा पडल्या आणि गाडी हलली.

मी खिडकीतून पाहिलं. कंट्रोलर साहेब फलाटावर उभे होते. आमच्याकडे नव्हे, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते.

मी कंडक्टरला हाक मारायला उठले. काकूंनी मागे हात करून माझं मनगट धरलं.

"राहू दे. गाडीले उशीर झाला तं त्यायले रातभर झोप नाही लागन."

"काकू, उद्या अपॉइंटमेंट आहे त्यांची. पुन्हा मिळणार नाही."

"मले माहीत व्हतं." आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच राग आला. "लगन झाल्यापासून असंच हाये. माहेरी जा, बहिणीकडं जा, दर्शनाले जा. मले बसवून देतेत, पत्र्यावर दोन थापा मारतेत. एकडाव चढले होते गाडीत."

"मग?"

"डायव्हरले सांगाले, का मागचा दरवाजा लागला नाही म्हणून. मंग उतरले."

मी पुढे येऊन त्यांच्याजवळ बसायला गेले. त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "थोडी थांब, पोरी. पुढल्या थांब्यापर्यंत मी जागा धरतो. नेहमीचं हाये." पुढचा थांबा आला. चार माणसं चढली, त्यांत ते नव्हते, असणं शक्यही नव्हतं. गाडी सुटल्यावर काकूंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. "ये आता," म्हणाल्या.

मुंबईहून आल्यावर मी त्यांना विचारलं, "काऊन नाही चढले?"

"गाडी वेळेवर सुटली ना?"

"सुटली."

"मंग?"

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. घाबरले होते की काय, की गाडीत आपण बसलो तर गाडी सोडणार कोण असा काही हिशोब डोक्यात होता, मला माहीत नाही. काकूंच्या मते हा दुसरा हिशोबच खरा होता. मला तो तेव्हा पटला नाही आणि आजही पटत नाही. बायको आयुष्यात एकदा काही मागते आणि तिला नेमक्या वेळेवर एकटीला रवाना करणं, याला शिस्त म्हणायला मी तयार नाही.

काकूंचा व्हिसा आला. मे महिन्यात त्या ग्रुपबरोबर निघाल्या. खोलीत जोडीला अमरावतीच्या एक रिटायर नर्स होत्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. जळगाव जामोदला पत्र्यावर दोन थापा पडल्याच.

मोकळ्या दिवशी कंट्रोलर साहेब दहा वाजता वही घेऊन सेंटरवर आले. मी एका शेतकऱ्याचा पीकविम्याचा अर्ज भरत होते. मान वर केली तर हे स्टुलावर चढलेले आणि माझं भिंतीवरचं घड्याळ काढून काटे फिरवताहेत.

"काका, ते काय करून राह्यले?"

"साडेतीन तास मागं केलं. तिकडचं."

"लोकं बँकेत जायले उशीर करतीन ना माह्या घड्याळापायी."

"त्यायले सांगून देऊ. मी इथीच हाव."

आणि खरंच, येणाऱ्या प्रत्येकाला ते पुकारून सांगत राहिले की सदर घड्याळ प्रागची वेळ दाखवत आहे. दोन माणसं अर्ज न भरताच परत गेली.

वहीत ते एकेक ओळ भरत होते. हॉटेल सुटणे. ट्राम. थांबा. 'पूल व नदीकाठ: पोचणे नऊ चाळीस, सुटणे दहा.' पुलासाठी त्यांनी वीस मिनिटं दिली होती. भिंतीवर दहा वाजले, सव्वादहा झाले. ते पेन धरून बसले. दहा पंचवीसला, म्हणजे आपल्याकडे दोनला पाच कमी असताना, माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला.

फोन सिस्टरांच्या हातात असावा, कारण आधी आभाळ दिसलं, मग फरशी, मग काकू. नदीकाठच्या एका बाकावर बसल्या होत्या. साडीवर स्वेटर, पायात बूट. मागे तोच पूल, तेच पुतळे. आभाळ मात्र स्वच्छ होतं, चित्रातल्यासारखं पिवळं नव्हतं.

"बदकं हायेत," काकू म्हणाल्या. "लय मोठी हायेत जवळून. चावतेत म्हणे."

"राजहंस हायेत ते," कंट्रोलर साहेब म्हणाले. "किती वाजले तुह्याकडं?"

"मी घड्याळ पाह्यलं नाही."

"दहा पंचवीस. पंचवीस मिनिटं लेट चालून राह्यली तू. किल्ल्याची ट्राम गेली."

"जाऊ द्या. मी उठत नाही अवो."

कॅमेरा जरा हलला आणि बाकाचं दुसरं टोक दिसलं. तिथे काकूंची कापडी पिशवी ठेवलेली होती. एक उंच गोरा म्हातारा तिथे येऊन हातानं विचारत होता, बसू का म्हणून. काकूंनी मान हलवली आणि पिशवीवर हात ठेवला. म्हातारा हसून पुढे गेला.

"पिशवी काऊन ठेवली?" कंट्रोलर साहेबांनी विचारलं. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. पत्र्यावर थापा मारल्यावर गाडीच्या आत काय होतं ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"जागा धरली," काकू म्हणाल्या. "पुढल्या थांब्यापर्यंत धरत असतो मी. इथी पुढला थांबा नाही ना."

कंट्रोलर साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. मला वाटलं आता ट्रामचा पुढचा नंबर सांगतील. मी फोन हिसकावून घ्यायच्या तयारीत होते.

"बसून राय," ते म्हणाले. "गाडी सोडत नाही मी."

कॉल बंद झाला. त्यांनी 'सुटणे' या रकान्यात आडवी रेघ मारली. मग शेऱ्याच्या रकान्यावर पेन थांबलं. उशिराचं कारण लिहिल्याशिवाय ओळ पुरी होत नाही. टायर फुटला, रस्ता खराब, गर्दी, पूर. त्यांची सगळी नोकरी ही कारणं लिहिण्यात गेली होती. आता बराच वेळ त्यांना सुचेना. शेवटी माझ्याकडे वळले.

"ऑपरेटर, कारण काय टाकू?"

माझा संयम संपला होता. एक तर दोन गिऱ्हाइकं गेलेली. "लिहा ना," मी म्हणाले, "कंट्रोलर गाडीत चढला नाही म्हणून."

मला वाटलं ते चिडतील. निदान चष्मा काढतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मान खाली घालून वहीत लिहिलं, एकेक अक्षर सुटं, वळणदार, जसं सगळ्या गाड्यांचं लिहीत आले होते तसं. 'कंट्रोलर गाडीत चढला नाही.' खाली सही केली, आणि घड्याळाकडे बघून वेळ टाकली. दहा पस्तीस, प्रागची.